तिसावा दाता

कंपनी बंद झाली तेव्हा हिशेबाच्या आधी
मी लेथ मागितला. भंगाराच्या भावात.
कन्नमवार नगरात दुसऱ्या मजल्यावर तो चढवायला लागले
सहा माथाडी, एक अख्खा दिवस,
आणि खालच्या साटमबाईंची परवानगी,
जी अजून मिळालेली नाही.
म्हणून तो चालतो अकरा ते एक.
एकनंतर त्या झोपतात, आणि मी कानस हातात घेतो.

माझ्याकडे येतात गळाची जुनी रिळं.
रुमालात, बिस्किटांच्या डब्यात,
एकानं तर आईच्या पानाच्या डब्यातून आणलं होतं.
सुटे भाग मिळत नाहीत. बनवणारे गेले,
त्यांच्या गावांची नावंही तळावर झिजून अर्धीमुर्धी उरलीत.
मी मासे खात नाही. पकडलाही नाही कधी.
पवईचा तलाव बसमधून बघितलाय, एवढंच.

चारुशीला धैर्यवान.
पिशवीतून काढलं: पितळी, साडेतीन इंची,
मूठ शिंगाची, हाताच्या तेलानं काळवंडलेली.
आतल्या चाकाचे दाते झिजून तांदळाएवढे,
खटका तुटलेला, स्प्रिंगच्या जागी
घड्याळाच्या पट्ट्याचा तुकडा.
"यांना जाऊन आठ वर्षं झाली," म्हणाल्या.
"अधूनमधून फिरवते. फिरतं, पण मुकं."

नागदेवी स्ट्रीटवरून पितळेची सळी आणली, वीतभर.
दुकानदार म्हणाला, एवढीशी?
स्क्रूचे आटे असे, की बाजारातला एक टॅप बसेल तर शपथ.
मग हत्याराला धार लावली आणि लेथवरच आटे पाडले,
मोटार बंद, चक हातानं फिरवत,
झोपलेल्या बाळाची नखं काढावीत तसे.

दात्यांसाठी मागे साठाचं गिअर अडकवलं,
एकाआड एक मोजत तीस खाचा.
सतराव्याला गॅसवाला आला.
सिलिंडर घेऊन परत वळलो, तर सतरा की अठरा?
भिंग लावून पुन्हा पहिल्यापासून मोजत बसलो.
पायाशी पितळेचा कीस,
जो पुढे आठवडाभर मोज्यांतून निघतो.

गुरुवारी त्या आल्या. फिरवलं.
किर्रर्र.
एकसारखं, पाच थाऊचाही फरक नाही.
मी उगाच हात पुसत उभा, कौतुकाची वाट बघत.
त्यांनी पुन्हा फिरवलं. कानाशी नेलं.
"यांचं लंगडायचं," म्हणाल्या.

म्हणजे?
ओट्याच्या कडेवर नखानं वाजवून दाखवलं.
टिक टिक टिक टिक, आणि मध्येच
आवंढा गिळल्यासारखं.
"शनिवारी रात्री तेल घालून फिरवत बसायचे.
मी आतल्या खोलीत. ते लंगडणं थांबलं
की समजायचं, आता दिवा घालवतील."

जुनं चाक अजून डब्यात होतं.
भिंगाखाली धरलं. एका जागी दाता मुळातूनच नाही.
मला ती झीज वाटली होती.

एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली.
बिनचूक दाता मुद्दाम मोडा
असं ड्रॉइंग कधी हातात आलं नाही,
आणि आलं असतं तर सही केल्याशिवाय
साहेबाच्या टेबलावर परत ठेवलं असतं.

एक वाजून गेला होता.
रीळ उघडलं. तिसावा दाता.
कानशीचा एक हात. जोडलं, फिरवलं. नाही.
उघडलं. आणखी एक हात.
जोडलं. फिरवलं. अजून फार सरळ.
असं किती वेळा, मोजलं नाही. या खेपेला
मोजण्यासारखं काही नव्हतंच.

बेल वाजली.
दारात साटमबाई, केस सुटलेले, गालावर उशीचा वळ.
"कसला हो आवाज? मला वाटलं
वर कोणी लंगडत चालतंय."

मी म्हटलं, आत या.
बसा इथं. पुन्हा एकदा ऐका.