मागचा डावा

हेल्वेबाईंनी दारातच सांगितलं, बूट काढा,
आणि टीव्हीचं नाव काढू नका, मला टीव्ही नकोय.
विल्यांदीचं तळं त्या फेब्रुवारीत इतकं गोठलेलं
की व्हॅन सरळ त्याच्यावरूनच आणली असती मी,
पण मागे तीन प्लेअर होते, तारांचं अख्खं टोपलं,
आणि व्हॅनचे हप्ते अजून फिटायचे होते.

टेबलावर एकच तबकडी.
गावाच्या विटांच्या चर्चमध्ये
गायकवृंद गोल उभा, चाळीस जण,
मधोमध माइक;
कुणा हौशी इंजिनिअरनं सगळं
सहा वाटांनी वेगवेगळं भरून ठेवलेलं.
"ही पूर्ण ऐकायचीय," बाई म्हणाल्या, "सगळीकडून."

पहिला प्लेअर स्वस्त, चंदेरी.
त्याला ऑप्टिकल तार लावली,
टोकाशी तिच्या लाल ठिणगी, गुंजेएवढी.
आवाज आला. स्वच्छ, इस्त्री केलेला,
आणि चाळीसच्या चाळीस जण
समोरच्या दोन डब्यांत दाटीवाटीनं.
"हे भिंतीला टेकून का गातायत?"

मग सांगावं लागलं, रोज सांगतो ते:
ही तबकडी दोन मजल्यांची,
एका मजल्यावर दोन खोल्या, दुसऱ्यावर सहा;
प्रकाशाच्या तारेला तो जिना चढता येत नाही.
दुसऱ्या प्लेअरच्या एचडीएमआयला येतो,
पण तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला ते भोकच नाही,
तो म्हातारा झालाय, नवा घ्या...
"तो उर्मासनं घेतलाय," बाई म्हणाल्या.
म्हणजे विषय संपला.

उरला तिसरा. ताम्पेरेहून आलेला, वापरलेला,
उचलताना कंबर बोलते इतका जड,
पाठीवर सहा गोल कान.
म्हाताऱ्याच्या पाठीवरही सहाच.
मी कपाटामागे गुडघ्यांवर शिरलो,
धूळ, एक केसांची पिन, एक क्रूनचं नाणं,
नाणं बाहेर दिलं, तारा आत ओढल्या,
सहा जणांना सहा.

आणि खोली उघडली.
बायकांचे आवाज खिडकीच्या पडद्यातून,
कपबशांच्या कपाटातून तार सप्तक,
जमिनीलगत मागे कुठंतरी खर्ज,
जसा भट्टीचा ऊबारा पायांशी येतो.
मी बाईंकडे पाहिलं, शाबासकीच्या आशेनं.
दुसऱ्या कडव्याआधीच्या शांततेत
मागून, उजवीकडून, कुणीतरी खोकलं.

बाईंचा चमचा बशीवर थांबला.
"चूक."
मी म्हणालो, हो, खोकला काढून टाकायला हवा होता, पण...
"खोकला बरोबर आहे. जागा चूक.
उर्मास खिडकीकडे उभा राहायचा, डावीकडे.
उजवीकडे कल्यू.
त्याच्या शेजारी उभं केलं
तर उर्मास तोंड उघडायचा नाही."

अकरा वर्षांचा अनुभव घेऊन
मी पुन्हा कपाटामागे गेलो.
पांढरी लालच्या जागी, लाल पांढरीच्या.

तारा बदलत असताना वरून आवाज आला,
माझ्याशी असेल, नसेल:
"गाताना तो बाकीच्यांत विरघळायचा.
दहा खर्जवाले, कुठला कुणाचा कळत नाही.
खोकायचा मात्र एकटा."

पुन्हा लावली.
या वेळी तो डावीकडून खोकला,
रेडिएटर आणि जिरेनियमच्या कुंडीच्या मधून,
मूठ तोंडाशी धरून, थोडा ओशाळल्यासारखा.
बाईंनी मान वळवली नाही.
फक्त आपली खुर्ची
हातभर उजवीकडे सरकवली,
जशी बाकावर कुणाला जागा करून देतात.
माझं सगळं मोजमाप बिघडलं.
मी टेप खिशातच ठेवली.

मग काळी पाव-भाकरी, त्यावर मासळी, आणि बिल.
बिल त्यांनी चष्मा लावून वाचलं, ओळीवर बोट ठेवत.
"ही सहावी तार कसली?"
धमधम आवाजाची, मी म्हणालो, ढोलासाठी, स्फोटासाठी.
"यात ढोल नाही. स्फोट तर नाहीच. परत घ्या."

परत घेतली.
पाच तारांचे पैसे, सुट्टे, मोजून;
त्यांत ते कपाटामागचं नाणंही होतं.