बेचिराख

मौजे वाकडदरा, बालाघाटाच्या पाठीवर.
तहसिलातल्या जुन्या दप्तरात
गावापुढं उर्दूत एकच शब्द, बेचिराख.
म्हणजे शिवार आहे, हद्दीचे दगड आहेत,
दिवा नाही.

शिरगणतीची पिशवी घेऊन मी घाट चढलो.
मुरूम, कुसळ, रानटी सीताफळं,
जोत्यांच्या ओळी आणि सांदीत झोपलेली घोणस.
धारेवर उभं राहून मुतलं
तर अर्धं गोदेला जातं, अर्धं सीनेला,
असं शिपाई रुस्तुम म्हणाला होता.
इथला भूगोल तेवढाच.

पटकीनं माणसं गेली,
का रझाकारांच्या साली उठली,
का नुसती बारव आटली?
खालच्या गावात तिघांनी तीन सांगितलं.
चौथ्यानं विडी मागितली.

बारवेपाशी धूर दिसला.
लिंबाजी हटकर, साठेक शेळ्या, एक लंगडं कुत्रं.
"इथं राहता?"
"शेळ्या राहत्यात. मी त्यांच्यासंगं."
"मूळ गाव?"
त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली,
जोत्यांकडं बघितलं.
"हेच लिवा की."

उजेड असेस्तोवर उतरायचं होतं.
दुसऱ्या वळणावर मागं पाहिलं,
बारवेच्या देवळीत काहीतरी पेटलेलं,
दिवा का चिलीम,
इतक्या लांबून कळेना.

खाली एस.टी.ची वाट बघत
लोकसंख्येच्या रकान्यात
मी एकाचा आकडा टाकला,
पेन्सिलीनं,
साहेबांना खोडायला सोपं जावं म्हणून.