जोडहोडीचे दोन खण

इंजिनं मंगळवारी गेली.
क्रेनच्या आकड्याला लोंबकळत,
आधी डावं, मग उजवं,
गोदीभर तेलाची नागमोडी रेघ सोडत.
लाझारूने भंगाराच्या भावाने पैसे मोजले
आणि जाता जाता म्हणाला, खण नीट धू, इवोन,
नव्या मोटरींना डिझेलचा वास सोसत नाही.
मोटरींना नाक कुठे असतं?

ओल्यांवला ओहोटी लागलेली.
मिठागरांवरून येणारा वारा इथे दातांना लागतो.
चिमणीवरचा करकोचा चोच वाजवतोय,
डब्यात कुणी नट हलवावेत तसा.

मी कपाळाला दिवा बांधून डाव्या खणात उतरते.
उतरते कसली, घुसते:
आधी उजवा खांदा, मग श्वास सोडून बरगड्या.
बाबा घुसायचे तसंच, शिव्या देत.
तळाशी पंचवीस वर्षांचं तेल, काकवीसारखं दाट.
त्यात दहाचा पाना, ऑलिव्हची बी, अर्धा लायटर
आणि माझ्या शाळेतल्या पट्टीचा तुकडा,
अकरा ते सतरा सेंटिमीटर.

हा खण म्हणजे बाबांचा स्वभाव.
जिथे बोल्ट हवा तिथे तार.
पाईप गळायचा, बाबा चिंधी बांधायचे,
चिंधी गळायची, बाबा म्हणायचे, उद्या.

उजवा खण झेफेरिनू काकाचा.
दोघांनी मिळून बांधली ही होडी,
आणि पाण्यात उतरवली त्याच वर्षी भांडले.
कुणी म्हणतं विहिरीवरून,
कुणी म्हणतं एका केबलवरून.
शनिवारी बाबा न्यायचे, रविवारी काका.
डावं इंजिन याचं, उजवं त्याचं,
एकमेकांच्या झाकणाला कुणी हात लावायचा नाही.

उजवा सोपा जाईल असं मी धरून चालले होते.
काका पेन्सिलीसुद्धा उंचीने लावणारा माणूस.
प्रत्येक तारेला चिठ्ठी होतीच.
पण चिठ्ठीवरचा आठ बाबांचा होता,
एकावर एक रचलेली दोन शून्यं.
आणि पाईप आवळणाऱ्या पट्ट्या, मी मोजल्या, एकोणीस,
सगळ्यांच्या स्क्रूची डोकी डावीकडे.
माझ्यासारखीने तिथे पेचकस लावायचा
तर मनगट मोडून घ्यावं लागतं.

काका डावरा आहे.

पाय बधिर होईपर्यंत मी तिथेच बसले.

मग सोडा, गरम पाणी, जुना टूथब्रश.
मग सँडपेपर; फायबरची धूळ कोपरापर्यंत खाजत गेली.
जुनी बैठक कापून काढली.
मोटरी अंगाने बारक्या,
त्यांचे रूळ नऊ सेंटिमीटर आत घ्यायचे.
धुराच्या नळीचं भोक बुजवलं,
डिझेलचं बुजवलं,
राखाडी रंगाचा एक हात दिला, दुसरा उद्या
(बाबांचा उद्या नव्हे, खरा).

दुपारी शिडीवर काठी वाजली.
दफनानंतर काका पहिल्यांदाच आला.
वाकून उजव्या खणात बघत राहिला.
दिवा मागितला. परत दिला.
"पट्ट्या कुठेत?"
"डब्यात. गंजल्यात. नव्या दोनच लागतील,
पाण्याने थंड होतात या मोटरी."
"स्क्रू कुठल्या बाजूला करणार?"

त्याचा हात आता कपातला चहा सांडवतो.
यापुढे या खणात माझ्याशिवाय कुणी शिरणार नाही,
हे मला ठाऊक, त्यालाही.
मी म्हटलं, डावीकडे.

"मूर्ख आहेस," काका म्हणाला. "बापासारखीच."
मग खिशातून मोजपट्टी काढली,
रुळांवर धरली, एकदा, पुन्हा एकदा,
थरथर थांबायची वाट बघत.
"बाहेरचा रूळ दोन मिलिमीटर वर आहे."

आहेच.
मोटरी गुरुवारी येतात.
मी चष्मा चढवला आणि ग्राइंडरची वायर शोधू लागले,
ती काकाच्या काठीखाली होती.