दोन खुणांमधला वेळ

झेस्तापोनीत, क्विरिला नदीच्या पुलाशी,
बाबांची भट्टी आहे.
भट्टी म्हणजे मातीचा रांजणच, जमिनीत पुरलेला,
तळाशी निखारे, आणि आतल्या अंगाला
चिकटून भाजणारे पाव,
होडीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते.

पीठ आत थापायला बाबा कमरेपर्यंत वाकतात.
वाकतात कसले, सूर मारतात.
गिऱ्हाइकांना फक्त पाठ दिसते.

बद्रीने त्याचा जुना फोन मला दिला, काचेला तडा गेलेला,
पण एका सेकंदाचे तो दोनशे चाळीस तुकडे पाडतो.
आधी मी काहीबाही टिपलं.
ओमारीचा कुत्रा, अंग झाडताना.
पायरीवर आपटून फुटणारं डाळिंब.
आईची शिंक.
त्यानंतर आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग बाबा.

हळू केल्यावर आधी ट्यूबलाइट लुकलुकली,
जी आम्ही इतकी वर्षं
अखंड जळते म्हणून समजत होतो.
"दोन की तीन?" हा आईचा आवाज
विहिरीच्या तळातून आल्यासारखा, पुरुषी.
मिठाच्या पाण्याचा शिपका, थेंबन् थेंब सुटा,
एकमेकांना वाट देत निघालेला.
आणि बाबांचे जोडे. डाव्याची शिवण उसवलेली.
टाचा उचलतात, मग चवडे,
मग खरोखरच कशालाही न टेकलेला
पंच्याण्णव किलोचा माणूस.

मी हसले. पुन्हा लावलं. पुन्हा.
चौथ्यांदा हाताकडे पाहिलं.

उजवा हात फळीवरचा गोळा उचलतो, ताणतो,
भट्टीच्या तोंडाशी येतो
आणि तिथे अडतो.
नुसत्या डोळ्यांना काहीच नाही, सवयीचा एक झटका.
फोनमध्ये मात्र पिठाच्या काठावर लाट उठते,
बोटांमधून फिरते, विरते,
परत उठते.
मग कुठे हात ठरवतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टिपलं. गुरुवारी पुन्हा.
त्याच जागी.
गुरुवारी जरा जास्त.

"दाखव की," बाबा म्हणाले, रात्री, नखांतलं पीठ काढत.

व्हिडिओखाली एक पट्टी असते, तिच्यावर दोन खुणा.
त्यांच्यामध्ये जेवढा वेळ सापडतो
तेवढाच हळू चालतो.
एक खूण सरकवून दुसरीला भिडवली
की सगळं आपल्या चालीने.
मी भिडवली.
गोळा, हात, पाठ. चार सेकंद. संपलं.

"हे तर सगळं गाव बघतं. तुझं ते हळूवालं कुठाय?"
"बिघडलंय."
त्यांनी फोन घेतला. अंगठा पिठाचा,
काचेला कळेचना कोण आलंय ते.
मग शर्टाला पुसून, तीच खूण
सावकाश मागे ओढली.
हे कधी शिकले, कोण जाणे.

ट्यूब लुकलुकली. लाट उठली.
बाबा काही बोलले नाहीत.
पाय सुटले तेव्हा मात्र,
"आयला! लामारा, इकडे ये, बघ,
उडतोय की मी!"

आई हात पुसत आली.
तिची नजर पायांकडे गेलीच नाही.
"ईस्टरपासून," एवढंच म्हणाली
आणि उद्याचं पीठ भिजवायला आत गेली.

बाबा अजून बघत होते,
अंगठ्याने मागे, पुढे, जरासं मागे.
जोडा शिवायला टाकायला हवा, म्हणाले.