खोली नंबर चार

पोटाची सोनोग्राफी असंल तर रात्री नवानंतर
काही खायचं नाही.
चहा म्हंजे खाणंच हो काका, अर्धा कप असला तरी.
दूध पोटात पडलं की पित्ताची पिशवी मूठ मिटून बसते,
आत काय हाय ते दाखवत नाही.

ओटीपोटाची असंल तर उलटं.
चार गिलास पाणी प्या आणि इथं बाकावर बसा.
अगदीच राहवंना झालं तर मला हाक मारा.
बेडगची एक सून लाजली,
नंबर यायच्या आधी गुपचूप जाऊन आली.
परत चार गिलास, परत दीड तास.

मुलगा का मुलगी, ते विचारू नका.
पाटी वाचता येत नसंल तर मी वाचून दाखवते.
परवा एका सासूनं पाचशेची नोट माझ्या मुठीत कोंबली,
मी ती तिच्याच पिशवीत टाकली, वाटाण्यांवर.

जेल गार लागतं, दुखत काहीच नाही.
थंडीत मी बाटली काखेत धरून ठेवते.
हे मॅडमना सांगू नका.

सतारमेकर गल्लीतले इमामसाहेब आले होते,
तंबोऱ्याचे भोपळे कोरून बोटांना घट्टे.
म्हणाले, मशीन आवाजावर चालतं, तर ऐकू का येत नाही?
मगदूम मॅडम म्हणाल्या, कानाच्या वरचा आवाज हाय हा.
"आमच्या सगळ्यात बारीक तारेच्याही वर?"
मग स्वतःच्या पोटावर टिचकी मारून, कान देऊन,
आम्ही असंच बघतो म्हणाले,
आणि जेल न पुसताच शर्टाची बटणं लावून गेले.

एकोणीस वर्षं मिरजेत हेच सांगतेय.
गेल्या मंगळवारी मी आडवी झाले.
छत पहिल्यांदाच बघितलं.
पंख्याच्या बाजूला पोपडा सुटलाय,
सगळे पेशंट तेवढाच बघत असतील,
रंगवायला सांगितलं पाहिजे.

"सत्यव्वा, श्वास घे. धर."

चांगलं असलं की मॅडम बोलतात,
भिशीचं, गॅसच्या टाकीचं, पोराच्या मार्कांचं.
त्या बोलत नव्हत्या.
हात उजवीकडं गेला, परत आला,
त्याच जागी,
बटण वाजलं, माप घेतलं,
परत बटण.
सोडा म्हणायचं त्या विसरल्या.

तुम्ही विचारा हं. काय दिसतंय, पुढं काय करायचं,
तुमचा हक्कच हाय तो.
मी नाही विचारलं.
रिपोर्ट पाचला मिळतो,
मीच सांगते की रोज सगळ्यांना.

उठले. माझं पोट मीच पुसलं.
कॉटवरचा कागद बदलला,
बाटली काखेत धरली.
श्वास कवा सोडला, आठवत नाही.

सत्तावीस नंबर कोण हाय?
पाणी प्यालाय का?
या. चप्पल तिथंच राहू द्या.