सतरावी पायरी

दांडिया बाजारात, लीला चेवडा विकणाऱ्या दुकानाच्या माथ्यावर
माझा क्लास. चार बाकं, एक फळा,
जिन्यातून वर चढणारा तळणीचा वास,
आणि मे महिन्यात तर खडूलासुद्धा घाम.

ओजस शिर्के. अकरावीत दुसऱ्यांदा.
त्याला मी दिलं होतं:
उणे क्षचा घन, अधिक चाळीस क्षवर्ग.
दहाला तीन हजार,
विसाला आठ हजार,
तिथं त्याच्या वहीचं पान संपलं.
त्यानं वरच्या दिशेला बाण काढला
आणि पेनाला टोपण लावलं, जिंकल्यासारखं.

तीस घाल, म्हटलं.
नऊ हजार. ‘बघा ना बेन, वरच चाललाय.’
चाळीस घाल.
त्यानं दोनदा केलं.
मग माझा कॅल्क्युलेटर मागितला.
शून्य.

असं असतं बघ, ओजस.
हा चाळीसपट वर्ग म्हणजे पंगतीत आग्रह करणारा माणूस,
सगळा मांडव त्याच्याच आवाजाचा.
घन कोपऱ्यात बसलेला,
कपाळावर उणे चिन्ह, हातात वाटी, बोलत नाही.
पण मांडव रिकामा होत जातो ना,
तेव्हा त्याचंच तेवढं ऐकू येतं.
त्याचा सहगुणक एक शतांश असता
तरी झालं असतं हेच,
चाळीसाऐवजी चार हजारांवर.

आणि डावीकडे?
उणे दहाला पाच हजार. उणे शंभराला चौदा लाख.
घात विषम, म्हणून एक टोक गच्चीकडे
तर दुसरं तळघराकडे.
मधे शून्याशी तो खाली येतो,
अक्षाला नुसता टेकतो, पुन्हा वर.
ते टेकणं मला आवडतं.
परीक्षेत त्याला अर्धा गुण.

शंभराला उणे सहा लाख आले.
फळा पुरेना.
एका पायरीला एक लाख असं प्रमाण ठरवून
आम्ही खडू घेऊन जिन्यात आलो.
सहाव्या पायरीवर त्यानं ठिपका दिला
आणि तिथंच बसला.

‘पप्पांचं लेथ होतं मकरपुऱ्याला.
वीस वर्षं वर वरच जात होतं.
म्हणजे ते पहिल्याच पदात
लिहिलेलं असतं का, बेन?’

बहुपदीचं असतं.
तिला थांबायची सोय नाही म्हणून.
टोकाला तू कसा वागशील,
हा प्रश्न ज्यांना टोकच नाही
त्यांनाच विचारतात.
तुझ्या पप्पांचं क्षेत्र बंद अंतर आहे, माझंही.
आमचे चढ छोटे आहेत, पण ते तिथं आहेत,
सव्वीस आणि सत्तावीसच्या मधे कुठं तरी
शिखरसुद्धा आहे.
अनंताला ते दिसत नाही.
न दिसू दे.

हे मी खरंच बोलले की मनातल्या मनात,
आता सांगता येणार नाही.
बहुतेक एवढंच म्हटलं असेन:
खडू जपून वापर, पाकिटात दोनच उरलेत.

‘सतरावीवर क्ष किती येईल?’
त्याचं त्यानंच विचारलं.
मांडीवर वही, दातांत टोपण,
आधी एकशे तीस, मग चाळीस, मग मधलं काही.
वरती हेत्वी आणि दुसऱ्या पोरी
माझ्या नावानं हाका मारत होत्या.
एकशे पस्तीस.
नाही, थांबा. त्याच्या जरा अलीकडे.

बरोबर होतं.

सतराव्या पायरीखाली रस्ता,
स्कूटर, उसाचा रस, कुणाची तरी वाट पाहणारी रिक्षा.
ओजस बाण काढायला वाकला
तसे चेवड्याच्या कढईमागून किरीटभाई म्हणाले,
‘आ शुं छे?’
‘ग्राफ. हजी नीचे जाय छे.’

किरीटभाईंनी खाली पाहिलं
आणि आपला पाय
थोडा मागे घेतला.