हजेरी

अजमानच्या किनाऱ्यापासून दोन मैलांवर
आमचा नांगर पडून आज दोनशे बारावा दिवस.
मालकाचा फोन लागत नाही. मालक कोण,
हेही आता नक्की कुणाला सांगता येत नाही:
कागदावर एक कंपनी, तिच्या पत्त्यावर दुसरीच पाटी.
सोळातले उरलो सहा.
मी भंडारी. माझ्या वहीत तांदूळ अकरा किलो,
मसूर दीड, कांदे मोजून चौदा,
मीठ भरपूर. मिठाला इथे काय तोटा.

चीफ इंजिनियर यूलो रात्री जनरेटर बंद ठेवतो
डिझेल वाचावं म्हणून,
आणि दुपारचं लोखंड अजून तळव्यांना भाजतं
तिथे डेकवर बादली उपडी घालून बसतो.
समोर अजमानचे दिवे, किनाऱ्यानं फिरणाऱ्या गाड्या,
आणि वारा तिकडून असला
तर बांगसुद्धा ऐकू येते.

त्याचा आजोबा एस्टोनियाच्या पायदळात होता.
नावापुरता एस्टोनियाच्या, तो म्हणाला.
डिव्हिजनवर नाव आमचं, टोपीवरचा तारा दुसऱ्यांचा.
आजोबाचा भाऊ समोरच्या फौजेत.
तिथेही नाव आमचंच, टोपीवरची कवटी दुसऱ्यांची.
दोघांचा मिळून एकच फोटो राहिलाय,
शाळेतला, अनवाणी.

लढाईचं तो काही सांगत नाही. मीही विचारत नाही.
सांगतो ते नंतरचं.
शांतता झाली, डिव्हिजन गावी परतली, फुलं पडली.
मग तिला बटाटे काढायला लावलं,
मग मोडलेलं बंदर उपसायला, मग पुलाच्या पहाऱ्याला.
माणसं कमी होत गेली, आवाज न करता.
कोणी खाणीत गेले, कोणी जंगलात,
आणि जंगलात गेलेल्यांना हुडकायला
कालचेच सोबती धाडले.
भावाला जंगलात पाव पोचवला
म्हणून आजोबाला नेलं. आठ वर्षं.
तेवढ्यात डिव्हिजनच मोडली,
टाइप केलेल्या तीन ओळींत.
परतला तेव्हा बराकीत खताची पोती.
त्याला कुणी सांगितलंच नाही की संपलं.
मरेपर्यंत बूट दाराकडे तोंड करून ठेवायचा
आणि पहाटे पाचला अंगणात,
गुडघाभर बर्फात उभा राहायचा.
कुणीतरी येऊन नाव पुकारील म्हणून.

"तुमच्यात काय म्हणतात," यूलोनं विचारलं,
"शेवटी, माणसांना सोडताना?"

मला जैतापूरची शाळा आठवली, तांबड्या मातीचं मैदान,
कवायतीचे तोडणकर गुरुजी, शिट्टी फुंकून बसलेला घसा.
सावधान. विश्राम. सावधान.
विसर्जन.
उजवीकडे वळून, एक पाय आपटून
आम्ही सुटायचो ते थेट पाण्याच्या पिंपाकडे.

त्यानं शब्द दोनदा तोंडात घोळवला.
'र्ज' दातांत अडकला.
मग म्हणाला, म्हण. मोठ्यानं. त्याच्यासाठी.

मी कोण आज्ञा देणारा?
अंगात बनियन, हातात डाव.
तरी आधी नाव पुकारलं, जसं पुकारतात तसं:
युहान तामेवेली.
यूलोनंच हजर म्हटलं, त्याच्या भाषेत.
पलीकडे पत्ते पिसणाऱ्या रोडेलचा हात थांबला.
मग मी ते म्हणालो, पोटातून,
गुरुजींच्याच बसक्या आवाजात.

यूलो उजवीकडे वळला. पाय आपटला. लोखंड वाजलं.
दोन पावलांवर कठडा.
कठड्यापलीकडे पाणी, पाण्यापलीकडे ते दिवे.
तो तिथेच उभा राहिला, हात गजावर.

मी खाली आलो. मसूर भिजत घालायची होती.
वहीत तारखेपुढे लिहिलं, माणसं सात.
खोडलं. सहा केलं.
तांदूळ, अकराचे साडेनऊ.